कार्डावरची व्हर्डी

व्हर्डी नेपियर आमच्या ओढ्याच्या अगदी वरच्या टोकाला राहते. तिच्या अंगणाशी रस्ता संपतो आणि डोंगर सुरू होतो. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने एकतीस वर्षं काढली. आज या खोऱ्यात चाळिशी-पन्नाशीला आलेला असा एक माणूस दाखवा, ज्याने तिच्या हातचा मक्याचा पाव खाल्ला नाही. कुठल्या पोराने सकाळी घरून काही न खाता शाळा गाठली आहे हे तिला त्याच्या चालण्यावरून कळायचं. त्या पोराला दुसऱ्यांदा ताट पुढे करावं लागायचं नाही. तोंडाने मात्र ती कधी गोड नव्हती. वाढताना म्हणायची, "खा मुकाट्याने, टाकलंस तर उद्या तेच वाढीन." पोरं तिला घाबरायची आणि तिच्याच रांगेत उभी राहायची.

लग्न केलं नाही तिने. आई ती सहा वर्षांची असताना गेली, बाप खाणीत काम करून करून खोकत गेला, भाऊ एकेक करून कामाच्या शोधात ओहायोत निघून गेले. ती त्या घरात एकटी राहिली आणि घराने तिला काही त्रास दिला नाही. पंच्याहत्तर वर्षांची आहे, पण आपली जुनी निळी पिकअप अशी चालवते की समोरून येणारा आधीच बाजूला होतो. दर बुधवारी ती मला खाली गावात बाजाराला नेते. माझे डोळे अधू झाल्यापासून मी गाडीला हात लावत नाही.

आता गाडीचं सांगितलं म्हणून आकडीचंही सांगायला हवं. व्हर्डीला तरुणपणी आकडी यायची. उभी असली तर उभ्याने कोसळायची. मग गोळ्या सुरू झाल्या. मधे काही वर्षं वाईट गेली, गोळी बदलली, आणि नंतरची एकोणीस वर्षं तिला एकदाही आकडी आली नाही. सकाळी एक, रात्री एक. बाकी कशाला ती घड्याळ बघत नाही, गोळीला बघते.

कारण तिला माहीत आहे, एकदा जरी आकडी आली तरी काय होईल. आमच्याकडे कायदाच आहे, आकडी आली की गाडीचा परवाना तीन महिने जातो. ओढ्याच्या त्या टोकाला गाडीवाचून तीन महिने कोण राहणार? आणि तिचा पुतण्या कर्टिस तिकडे ओहायोत, डेटनला, वाटच बघत बसलेला. वाईट नाही तो मुलगा. त्याने तिच्यासाठी घरात एक खोली काढून ठेवली आहे, गालिचा वगैरे घालून. पण त्याने तिला स्वच्छ सांगून ठेवलेलं, "आत्या, एक झटका आला की चर्चा नाही. मी येणार आणि तुला घेऊन जाणार." ती मला म्हणाली होती, "गालिच्यावर मला मरायचं नाही. पाय ठेवला तर खाली जमीन आहे की नाही तेच कळत नाही."

हे सगळं घडलं ते गेल्या ऑगस्टात. आम्ही दोघी माझ्या पडवीत घेवड्याच्या शेंगा दोऱ्यात ओवत बसलो होतो, हिवाळ्यासाठी वाळवायला. ओवता ओवता ती म्हणाली की ग्रेडीकडून फोन आला होता, गोळ्या नामंजूर झाल्या.

ग्रेडीचं औषधाचं दुकान कोर्टाच्या कोपऱ्यावर आहे. डॉक्टरांची चिठ्ठी वर्षभराची असते. वर्ष संपलं की ग्रेडी डॉक्टरांच्या दवाखान्याला कागद पाठवतो, अमुक पेशंटच्या गोळ्या पुढे चालू करू का म्हणून. तिकडून हो आलं की बाटली भरतो. आजवर यात कधी काही अडलं नव्हतं. म्हाताऱ्या डॉक्टर कोम्ब्सांच्या दवाखान्यात इमोजीन नावाची नर्स होती. ती कागदावर व्हर्डीचं नाव दिसलं की डॉक्टरांचं जेवण थांबवून सही घ्यायची. पण वसंतात कोम्ब्स थकून घरी बसले, इमोजीन तिच्या लेकीकडे गेली, आणि दवाखाना मोठ्या शहरातल्या एका कंपनीने घेतला. भिंतींना रंग दिला, खुर्च्या बदलल्या, आणि फोन उचलायचं काम दोन तासांच्या अंतरावरच्या कुठल्या तरी कचेरीत नेलं.

तर त्या दवाखान्याकडून ग्रेडीला उत्तर आलं होतं, नामंजूर. कारण काय, तर या पेशंटला आमच्या डॉक्टरांनी कधी तपासलेलं नाही.

व्हर्डी म्हणाली की एप्रिलात कोम्ब्सांनी स्वतः तपासलं, त्याच खोलीत, तीच गारेगार नळी छातीला लावून. मी म्हटलं, चूक झाली असेल, फोन करून सांग. सात दिवसांच्या गोळ्या शिल्लक होत्या. घाई अशी कोणालाच वाटली नाही.

तिच्या घराशी फोनला आवाज नीट पोचत नाही, म्हणून ती माझ्या स्वयंपाकघरातून फोन करायची. त्यामुळे मी सगळं ऐकलं. आधी यंत्र बोलायचं. अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन. मग वाजंत्री. वाजंत्रीच्या मधे मधे एक बाई सांगायची की तुमचा फोन आमच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. व्हर्डी रिसीव्हर खांद्याला धरून माझ्या शेंगा निवडायची. बावीस मिनिटांनी खरं माणूस आलं. नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. व्हर्डीने सांगितली, सव्वीस फेब्रुवारी, एकोणपन्नास साल.

तिकडची मुलगी चांगली होती. तिला फाइल लगेच दिसली.

"माझं नाव दिसतंय ना तुला?" व्हर्डीने विचारलं.

हो आजी, दिसतंय म्हणाली.

"एप्रिलात तपासलं ते दिसतंय?"

तेही दिसत होतं. गोळ्यांचं नाव दिसत होतं, किती मिलिग्रॅम ते दिसत होतं.

"मग दे की."

मुलगी म्हणाली की दुकानाकडून कागद आला की लगेच देऊ. अजून एकही कागद आलेला नाही.

व्हर्डीने ग्रेडीला फोन केला. ग्रेडी म्हणाला की कागद गेला, उत्तर आलं, उत्तर माझ्या हातात आहे. त्याने पुन्हा पाठवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा नामंजूर, तेच कारण. व्हर्डीने पुन्हा फोन केला. यंत्र, वाजंत्री, महत्त्वाचा फोन. नाव, जन्मतारीख. या खेपेला दुसरी मुलगी होती, तीही गोड. फाइल दिसते, गोळ्या दिसतात, कागद मात्र आलेला नाही. तिने असंही सुचवलं की आजी, तुम्ही पोर्टलवरून विनंती करा, ते लवकर होतं. व्हर्डीने विचारलं की हे पोर्टल कुठे आहे, म्हणजे मी गाडी घेऊन जाते. 

फोन ठेवून व्हर्डी म्हणाली, "काकवीच्या मडक्यात हात घातल्यासारखं आहे गं. सगळं गोड, सगळं चिकट, आणि हाताला काही लागत नाही."

असे पाच दिवस गेले. शुक्रवारी ग्रेडीने आपल्या अखत्यारीत तीन दिवसांच्या सहा गोळ्या दिल्या. अडीअडचणीला तेवढं दुकानदाराला चालतं, पण एकदाच. तो म्हणाला की व्हर्डीबाई, यापुढे मी दिल्या तर माझं दुकान बंद करतील. ती म्हणाली की मागितल्यात का मी? त्याने मान खाली घालून बाटलीवर कागद चिकटवला.

शनिवार-रविवार दवाखाना बंद. त्या दोन दिवसांत ती चर्चला आली, भजनाला उभी राहिली, पण तिचं लक्ष नव्हतं. बाकाला हात धरून उभी होती. मला माहीत होतं की ती काय करते आहे. ती अंगात काही होतंय का ते ऐकत होती. गोळ्या अजून चालू होत्या, तरी ऐकत होती. ज्याला आकडी माहीत आहे तो असा स्वतःच्याच घरात चोराची चाहूल घेत बसतो.

सोमवारी आणखी दोन फोन झाले, मंगळवारी तीन. मंगळवारी शेवटच्या फोनला ती पहिल्यांदा ओरडली. ओरडून मग माफी मागितली, आणि फोन ठेवल्यावर माझ्या टेबलाशी बसून राहिली. तिच्या हातातली शेंग तशीच होती. मी कॉफी गरम करून तिच्यापुढे ठेवली. ती म्हणाली, "पुरावा तरी काय देऊ यांना? मी आहे याचा?"

बुधवारी आम्ही गावात गेलो. बाजार बाजूला ठेवला, आधी ग्रेडीकडे. तिच्या पर्समधल्या बाटलीत एक गोळी होती, त्या रात्रीची. ग्रेडीने नामंजुरीचे चारही कागद आमच्यापुढे ओळीने मांडले, जणू आम्हीच न्यायाधीश. मला शाळा तिसरीपर्यंतचीच. लांब वाक्यांच्या वाटेला मी जात नाही, पण आकडे मला दिसतात, ठसठशीत असले तर. मी भिंग काढून बघत होते. नावाखाली जन्मतारीख छापली होती.

मी विचारलं, "ही नऊ मार्च कोणाची?"

"त्यांचीच," ग्रेडी म्हणाला. "सरकारी कार्डावर आहे. विम्याला तीच लागते."

"माझी नाही ती," व्हर्डी म्हणाली. "ती नोरी सुईणीची आहे."

ग्रेडी बाहेरून आलेला, त्याला कळेना. आमच्या ओढ्यावरच्या माणसाला सांगावं लागलं नसतं. व्हर्डी जन्मली त्या हिवाळ्यात पूर आला होता. ओढ्याने तीनही पूल नेले. नोरी सुईण खेचरावर बसून घरोघर जायची, पोरं जन्माला घालायची आणि नोंदी मनात ठेवायची. पाणी उतरल्यावर ती कोर्टात गेली तेव्हा तिच्याकडे चार पोरं साठली होती. कारकुनाने तारखा विचारल्या. नोरीला पोरं आठवत होती, तारखा नाही. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितलं आणि चौघांनाही तोच दिवस लिहून टाकला. त्यामुळे सरकारदरबारी त्या वर्षी आमच्या ओढ्यावर नऊ मार्चला चार जन्म आहेत, चार वेगवेगळ्या आयांना, एकाच सुईणीच्या हातून. यातलं एक पोर तेव्हा महिन्याचं झालं होतं. आम्हाला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. कागदाची तारीख कागदापुरती. खरी तारीख घरच्या बायबलात, मधल्या कोऱ्या पानांवर.

ग्रेडीने हळूच विचारलं, "फोनवर तुम्ही त्यांना कोणती सांगता?"

"खरी."

तो काउंटरमागच्या स्टुलावर बसला. मग त्याने स्वतः दवाखान्यात फोन लावला, दुकानदारांसाठीच्या वेगळ्या नंबरावर, आणि पाऊण तासात उलगडा झाला. कोम्ब्सांच्या जुन्या फायलीत सव्वीस फेब्रुवारी होती, कारण इमोजीनला व्हर्डीने तीच सांगितली होती. ती फाइल तशीच कॉम्प्युटरात गेली. पण मागच्या शरदात चर्चच्या सभागृहात याच कंपनीच्या लोकांनी, दवाखाना घ्यायच्या आधी, फ्लूची लस टोचली होती. तिथे नाव-तारीख कोणी विचारली नव्हती, फक्त कार्डं घेऊन उतरवून घेतली होती. त्यातून दुसरी व्हर्डी नेपियर तयार झाली, नऊ मार्चची. तिच्या नावावर एक लस, बाकी काही नाही. ग्रेडीचा कागद जायचा तो या कार्डावरच्या व्हर्डीकडे, आणि तिला खरंच कोणी तपासलेलं नव्हतं. फोन जायचा तो बायबलातल्या व्हर्डीकडे, आणि तिच्यासाठी खरंच कागद आलेला नव्हता. कोणी खोटं बोलत नव्हतं. दहा दिवस सगळी माणसं एकमेकांना खरंच सांगत होती.

मला हसू आलं. व्हर्डीला नाही आलं. ग्रेडीने फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. दोन फायली एक करायच्या तर अर्ज लागतो, तो मोठ्या शहरात जातो, दहा दिवस लागतात कामाचे. आणि तारीख चुकीची असल्याचं आता कळल्यामुळे, दुरुस्ती होईपर्यंत जुन्या फायलीला कॉम्प्युटरने कुलूप लावलं. त्यातून आता कोणालाच काही लिहून देता येणार नाही.

"म्हणजे आपण शोधून काढलं म्हणून बंद झालं," व्हर्डी म्हणाली.

दवाखाना तिथून दोन गल्ल्या. आम्ही चालत गेलो, एक वाजता पोचलो. खिडकीत शॉना होती, आमच्याच ओढ्याच्या खालच्या वळणावरची. पाच वर्षं व्हर्डीच्या रांगेत जेवलेली. तिने बघताच खुर्ची आणली. सगळं ऐकून घेतलं, कॉम्प्युटरात बघितलं, आणि तिचे डोळे भरून आले. म्हणाली की व्हर्डीबाई, माझ्या हातात असतं तर मी उठून कपाटातून काढून दिल्या असत्या. मग तिने तो अर्ज छापून आणला. यावर सही केली तर मी वर फोन करून घाई करायला सांगते, म्हणाली, कदाचित सोमवारपर्यंत होईल.

व्हर्डीने चष्मा लावला. अर्ज अर्ध्या पानाचा होता, पण तिने पूर्ण वाचला. शेवटी एक ओळ होती: यापूर्वी दिलेली जन्मतारीख ही माझ्याकडून झालेली चूक होती. खाली सहीची रेघ.

तिने पेन टोपण लावून खिडकीत ठेवलं.

मी म्हटलं की कर सही, काय जातंय. ती नाही म्हणाली. मी म्हटलं की आज रात्रीची एक गोळी उरली आहे, उद्या सकाळी काय घेणार? तिने चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. मला राग आला. मी म्हटलं की तुझी आई वरून बघत असली तर तीसुद्धा म्हणेल, कर सही, पोरी. व्हर्डी म्हणाली की तू तुझ्या आईचं बघ.

मग जरा वेळाने ती शॉनाला म्हणाली, शांतपणे, "माझ्या आईला लिहिता येत नव्हतं. नावं आणि आकडे, तेवढंच शिकली होती. आयुष्यात तिने बायबलात चार ओळी लिहिल्या, चार पोरांच्या. तिच्या हातचं माझ्याकडे दुसरं काही नाही, फोटोसुद्धा नाही. त्यातली माझी ओळ चूक आहे असं मी लिहून देणार नाही."

 शॉनाने अर्ज परत घेतला आणि ती आत गेली.

आम्ही बसून राहिलो. आमच्याकडे भांडायची पद्धत नाही, बसायची आहे. माणूस बसला की समोरच्याला तो रोज दिसतो, आणि शेवटी समोरचा कंटाळतो. पण ती पद्धत कोर्टात चालते, गोळीला तेवढा दम नसतो. व्हर्डी पर्स मांडीवर धरून ताठ बसली होती. तिचा अंगठा पर्सच्या कातड्यावरून बाटलीशी चाळा करत होता. मी मनात कर्टिसच्या खोलीतला गालिचा बघत होते.

तीनच्या सुमाराला शॉना आली आणि म्हणाली की दोन चाळीसला एक नवीन पेशंट यायचा होता, तो आलेला नाही. आत लेसी आहेत, डॉक्टर नाहीत पण औषध लिहायचा अधिकार आहे. त्या म्हणतात, जुन्या फायलीला हात लावता येत नाही, पण लस टोचलेल्या व्हर्डी नेपियरला नवीन पेशंट म्हणून आज तपासता येईल. पहिल्यापासून. तिच्या फायलीला कुलूप नाही.

व्हर्डीने विचारलं, "त्यात तारीख कोणती लिहाल?"

"कार्डावरची."

"ती खरी आहे म्हणून सही करावी लागेल मला?"

शॉनाने विचार केला. "नाही. ती कार्डावरून आपोआप येते. तुम्हाला कोणी विचारणारच नाही."

"मग ठीक आहे," व्हर्डी उठली. "कार्ड काय म्हणतं ते कार्ड जाणे. मी काही म्हटलेलं नाही." आणि पर्स धरायला मलाही आत घेऊन गेली.

लेसी तिशीची असेल, दमलेली, केस एका रबरात कसेतरी बांधलेले. हसली नाही, पण दार नीट लावून आमच्यासमोर बसली. तिने सांगितलं की तुम्ही माझ्यासाठी नवीन आहात, मला यातलं काही माहीत नाही असं समजा आणि सगळं सांगा. पहिला झटका कधी आला?

व्हर्डी बारा वर्षं कोम्ब्सांकडे गेली, त्यांनी तिला हे कधी विचारलं नव्हतं. त्यांच्या आधीच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलेलं होतं. मीही विचारलं नव्हतं. आमच्यात असं विचारत नाहीत. ती सांगायला लागली. एकोणीस वर्षांची असताना, ओढ्यावर कपडे धुताना. शुद्धीवर आली तेव्हा अर्धं तोंड पाण्यात होतं आणि बापाचा सदरा वाहत जात होता. तिला आधी सदऱ्याची काळजी वाटली. मग पहिल्या गोळ्या, त्यांनी हिरड्या सुजायच्या. मग स्वयंपाकघरात नोकरी मागायला गेली तेव्हा तिने आकडीचं लपवलं, आणि एकतीस वर्षं गरम तेलापासून हातभर लांब उभी राहिली, लांब दांड्याचा झारा स्वतः करून घेऊन. आम्ही सगळे त्या झाऱ्याला हसायचो.

लेसी टाइप करत होती. मुलं किती, तिने विचारलं. नाहीत. कधी दिवस गेले होते? नाही. लेसी पुढचा प्रश्न विचारणार तेवढ्यात व्हर्डी आपणहून म्हणाली,

"तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, या गोळ्या घेताना पोटात मूल राहिलं तर त्याच्यात खोट निघेल. आणि सोडल्या तर मी राहणार नाही. एक जण होता. त्याला घरभर पोरं हवी होती. त्याला नाही म्हणून सांगितलं. हे लिहायचं असेल तर लिही, नसेल तर राहू दे."

लेसीचे हात थांबले. तिने ते लिहिलं की नाही मला माहीत नाही, कारण मी तिच्याकडे बघत नव्हते.

तो एक जण म्हणजे माझा भाऊ एस्टिल.

आमच्या घरात अशी समजूत होती की नेपियरांना ताठा आहे. एस्टिल दोन वेळा तिच्या दारात गेला आणि दोन्ही वेळा अंगणातून परत आला. माझी आई मरेपर्यंत तिच्याशी बोलली नाही. मीही दहा-बारा वर्षं चर्चमध्ये तिच्या बाजूचा बाक टाळला. मग एस्टिलचं लग्न झालं, पाच पोरं झाली, आणि आमचा राग असाच हळूहळू झिजून गेला. पण तो गैरसमज होता असं मला कधी वाटलं नव्हतं. मला वाटायचं की मी तिला माफ केलं आहे.

लेसीने तिचं रक्त घेतलं, डोळ्यांत दिवा मारून बघितलं, एका रेघेवर चालायला लावलं. मग आमच्यासमोरच चिठ्ठी पाठवली, पूर्ण वर्षाची. आम्ही ग्रेडीकडे पोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते, आणि तो बाटली भरून पिशवी हातात घेऊन दारातच उभा होता. व्हर्डी पिशवी उघडून मोजायला लागली. तो म्हणाला की बाई, मी मोजल्यात. ती म्हणाली की माहीत आहे, मला मोजू दे.

 परतीच्या वाटेवर ती गाडी हळू चालवत होती, तिच्या मानाने. पूल आला तेव्हा मी म्हटलं,

"सांगायचं होतंस मला."

"तुला सांगितलं असतं तर तू त्याला सांगितलं असतंस."

"सांगितलंच असतं."

"आणि तो म्हणाला असता, मला पोरं नकोत."

मी एस्टिलला ओळखते. "म्हणालाच असता," मी म्हटलं.

"म्हणून तर," ती म्हणाली, आणि गिअर बदलला.

बाजार राहिलाच होता त्या दिवशी. तिने मला दारात सोडलं. जाताना म्हणाली की उरलेल्या शेंगा उद्या ओवू, आज माझ्यात त्राण नाही.

पुढच्या महिन्यात बाटली भरायला एक दिवस लागला. कार्डावरची व्हर्डी आता दवाखान्याची नेमाची पेशंट आहे. बायबलातली अजून कुलपात आहे, आणि तिला मधून मधून पत्र येतं, की तुम्ही बऱ्याच दिवसांत आला नाहीत, आम्हाला तुमच्या तब्येतीची काळजी वाटते. व्हर्डी ते मला वाचून दाखवते. म्हणते, "तिला काही झालेलं नाही म्हणावं. ती बायबलात सुखरूप आहे."

ऑक्टोबरात कर्टिस आला होता. तिने त्याला सांगितलं नव्हतं, मीही सांगितलं नाही. तो दोन दिवस राहिला, छपराची एक पन्हळ बसवून दिली, डुकराच्या चरबीत शिजवलेल्या वाळलेल्या शेंगा दोन ताटं भरून खाल्ल्या, तिची गाडी पुढेमागे फिरवून ब्रेक तपासले. रविवारी दुपारी तो परत निघाला. जाताना माझ्या फाटकाशी थांबून त्याने विचारलं की आत्या ठीक आहे ना. मी म्हटलं, बघितलंस की.

त्याने मान हलवली, काच वर केली आणि एकटाच डेटनला गेला.